एका भागाची बांधणी : खानदेशी घराची ॲनिमेटेड विनोदी कथा कशी लिहावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज अशी पुष्कळ तरुण मंडळी आहेत, ज्यांच्या मोबाइलमध्ये ॲनिमेशनचे ॲप आहे, ज्यांचा चित्राचा हात चांगला आहे आणि ज्यांच्या घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली दिवसभर कानांवर पडते. त्यांची अडचण एकच असते. दोन विनोद होतात, चित्र हलते, आवाजही जमतो. पण गोष्ट दोन मिनिटांच्या पुढे सरकत नाही. अमळनेरला राहून गेली काही वर्षे मी अशा संहिता लिहीत आणि इतरांच्या तपासत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ही अडचण विनोदाची नसून बांधणीची आहे. बांधणी शिकायची तर दुसऱ्याने उत्तम बांधलेला एक भाग घेऊन तो खिळा-खिळा सुटा करून पाहणे, याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

त्यासाठी मी 'द सिम्पसन्स' या अमेरिकन मालिकेतला 'मार्ज व्हर्सेस द मोनोरेल' हा भाग सुचवतो. ही मालिका १९८७ मध्ये एका कार्यक्रमातील छोट्या तुकड्यांच्या रूपाने सुरू झाली, १७ डिसेंबर १९८९ पासून अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली आणि अजून चालू आहे. होमर, मार्ज, त्यांची तीन मुले बार्ट, लिसा व मॅगी, आणि स्प्रिंगफिल्ड नावाचे गाव, एवढाच तिचा संसार आहे. मोनोरेलचा भाग चौथ्या पर्वातला. कोनन ओब्रायन यांनी लिहिलेला, रिच मूर यांनी दिग्दर्शित केलेला आणि १४ जानेवारी १९९३ रोजी दाखवला गेलेला. खानदेशातल्या माणसाने हाच भाग का निवडावा, तर त्याच्या मध्यभागी एक सभा आहे आणि ती पाहताना आपल्याला आपली ग्रामसभा आठवल्यावाचून राहत नाही.

कथा थोडक्यात अशी. अणुवीज प्रकल्पाचा मालक बर्न्स गावातल्या बागेत घातक कचरा लपवताना पकडला जातो आणि त्याला तीस लाख डॉलरचा दंड होतो. ही रक्कम कशी खर्च करावी यासाठी गाव जमते. मुख्य रस्ता उखडलेला आहे, तो दुरुस्त करावा, असे मार्ज सुचवते आणि लोक जवळजवळ राजी होतात. तेवढ्यात लायल लॅन्ली नावाचा परका माणूस उठतो, मोनोरेलची कल्पना मांडतो आणि लगेच सांगतो की हे काम खरे तर शेजारच्या शेल्बीव्हिलला शोभणारे आहे. शेजारच्या गावाचे नाव निघताच सभा उलटते. होमर तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर गाडीचा चालक होतो. मार्जच्या हाती लॅन्लीची वही लागते, ती त्याने आधी फसवलेल्या गावी जाऊन येते, आणि तोपर्यंत पहिली फेरी सुटलेली असते. गाडी थांबत नाही. शेवटी होमर गाडीवरचे मोठे 'एम' अक्षर उपसून त्याला दोर बांधतो, ते नांगरासारखे खाली सोडतो, आणि तो नांगर अडकतो कुठे, तर एका दुकानावरच्या प्रचंड डोनटमध्ये.

आता हा भाग अभ्यासासाठी दोनदा पाहावा. एकदा आवाज पूर्ण बंद करून, हातात कागद घेऊन, प्रत्येक प्रसंग कोणत्या मिनिटाला सुरू होतो हे लिहीत. आणि एकदा मोबाइल उपडा ठेवून, केवळ ऐकत. आवाज बंद असताना कळते की कोणता प्रसंग चित्रानेच पुढे गेला आणि कोणता केवळ बोलण्यावर उभा आहे. नुसते ऐकताना कळते की प्रत्येक पात्र आपल्या आवाजाने वेगळे ओळखू येते का. हे दोन कागद शेजारी ठेवले की भागाचा सांगाडा दिसू लागतो. जाहिराती वगळून अशा भागाची लांबी सुमारे बावीस मिनिटे असते, आणि जाहिरातीच्या प्रत्येक विश्रांतीआधी असा प्रश्न लोंबकळत ठेवलेला असतो की पाहणाऱ्याने उठून जाऊ नये.

सांगाड्यात मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी दोन आहेत. पहिली ही की गावाची चूक कोणा एकट्याच्या मूर्खपणातून होत नाही. ती सर्वांच्या हौसेतून होते, आणि ती हौस लबाड माणसाने नेमकी हेरलेली असते. लहानशी लिसा वर्गात त्याला अगदी योग्य प्रश्न विचारते की लोकवस्ती एकवटलेल्या छोट्या गावाला मोनोरेल हवीच कशाला. तो उत्तर देत नाही. एवढेच सांगतो की याचे उत्तर तुला आणि मलाच समजेल. हुशार मुलगी त्या स्तुतीने गप्प होते. प्रत्येकाची कळ वेगळी आणि ती दाबणारा हात एकच, ही रचना नीट लक्षात घ्यावी. दुसरी गोष्ट डोनटची. डोनटची हाव हा होमरचा दोष पाहणाऱ्याला आधीपासून माहीत आहे, म्हणून शेवटी गाव डोनटमुळे वाचते तेव्हा ते ओढूनताणून आणलेले वाटत नाही. सुटका बाहेरून येऊ नये, ती पात्राच्या खोडीतूनच यावी.

इथे एक सावधगिरी सांगतो. हे सर्व समजल्यावर पुष्कळ जण आपल्या गावात मोनोरेल आणतात. पाचोरा–जामनेर मार्गावर अरुंद रुळांची 'पीजे' गाडी अनेक पिढ्या धावली, त्यामुळे आपल्याकडे आगगाडीची माया आहे आणि हा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही तो टाळावा. घ्यायची आहे ती बांधणी. वस्तू आपल्या मातीतली हवी. मी शिकवताना जे उदाहरण रचतो, ते येथे सविस्तर मांडतो.

प्रथम घर ठरवावे, आणि पात्रांना नावांऐवजी नात्यांनी ओळखावे, कारण आपल्या घरांत माणसे तशीच हाक मारतात. आबा, त्यांचा मुलगा बापू, सून म्हणजे मुलांची माय, कॉलेजात जाणारी ताई आणि दहा वर्षांचा धाकटा. प्रत्येकापुढे एकच ओळ लिहावी : या माणसाला काय हवे आहे, आणि त्याची अशी कोणती सवय आहे जी घर सहन करते. बापूला गावात मान हवा आहे. मायला शिवारात जाणारा रस्ता हवा आहे, कारण पावसाळ्यात चिखलातून डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन तीच जाते. धाकट्याला माणसे घरात हवी असतात. कोणी निघाले की त्याला करमत नाही. ही ओळ लिहिता येत नसेल तर ते पात्र काढून टाकावे.

मग दिवस निवडावा. मी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, निवडतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि दोन दिवसांनी त्यांना न्यायला सासरची माणसे येतात. आपल्या कथेत फुई, म्हणजे बापूची बहीण, माहेरी आलेली आहे. तिला न्यायला फुवा मोटारसायकलवर आले आहेत. पहिल्याच प्रसंगात धाकटा अंगणात वाकून फुवांच्या गाडीच्या चाकातली हवा सोडतो, कारण हवा नसली की गाडी जाणार नाही आणि फुई आणखी एक रात्र राहील. त्याला धपाटा बसतो. फुवा गाडी ढकलत नेतात, कारण पंक्चरचे दुकान आपल्या गावात नाही, शेजारच्या गावात आहे. हा प्रसंग चाळीस सेकंदांहून लांबवू नये, आणि दुकान शेजारच्या गावात आहे हे वाक्य सहज, कोणाच्या लक्षात येणार नाही असे ठेवावे.

यानंतर गावाकडे पैसा येतो. एखाद्या जिनिंग कारखान्याने नाल्यात घाण सोडल्याबद्दलची भरपाई म्हणा, आणि १ मेची ग्रामसभा ठेवा. ग्रामसभेचे तपशील मात्र खरे हवेत, कारण आपला प्रेक्षक ते जाणतो आणि विनोदाचा दाणाही त्या तपशिलांतच असतो. गणपूर्तीला गावातील मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणून शिपाई घरोघरी फिरतो आहे, पारावर पत्ते खेळणाऱ्यांना उठवून आणतो आहे, आणि सह्यांचे रजिस्टर सभेपेक्षा वेगाने पुढे सरकते आहे, हे चित्र एकही शब्द न बोलता हसू आणते. माय उठून शिवाररस्त्याचा विषय मांडते. लोक माना डोलावतात. आणि मागच्या खुर्चीवरचा पाहुणा गावाला भव्य प्रवेशद्वार विकतो : दोन सिमेंटचे खांब आणि वर आडवा, पिवळ्या रंगाचा केळीचा घड. शेजारच्या गावाने असे द्वार आधीच मागितले आहे, असेही तो जाता जाता सांगतो. आबांना द्वारावर पूर्वजांचे नाव दिसू लागते, बापूला उद्घाटनाच्या फितीची कात्री दिसू लागते, आणि ताईने उंचीबद्दल प्रश्न विचारला तर तिला सांगितले जाते की असा प्रश्न इंजिनीअरच विचारू शकतो, तुम्ही इंजिनीअर व्हा.

द्वार उभे राहते. रिकामा ट्रक त्याखालून गावात येतो, केळी भरली जाते, वर पाने आणि ताडपत्री चढते, आणि भरलेला ट्रक बाहेर निघताना घडाखाली अडकतो. आत आला, बाहेर निघेना. बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांवर, आत कापलेली केळी, मागे आणखी ट्रक. माल उतरवावा तर मजूर नाहीत, द्वार पाडावे तर बापूचा जीव अडकलेला. तेव्हा धाकटा काहीही न बोलता ट्रकच्या चाकाशी वाकतो. हवा जाते, ट्रक चार बोटे खाली बसतो आणि सरकतो. हवा सोडून ट्रक काढण्याचे हे कोडे जुने आहे, हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मी ते वापरतो, कारण ते इथे एका मुलाच्या मायेतून आलेले आहे. आणि गोष्ट तिथेच संपत नाही. चाकांत हवा भरायला यंत्र हवे, ते शेजारच्या गावात, आणि ज्या गावाला खिजवण्यासाठी द्वार बांधले त्याच गावात बापूला हात जोडून जावे लागते. कथेचे खरे टोक हे आहे. ट्रकच्या सुटकेवर भाग संपवणाऱ्यांना मी नेहमी आणखी एक पान लिहायला सांगतो.

शेवटी घर पुन्हा पहिल्या जागी आले पाहिजे. सिम्पसन्समधली मुले वर्षानुवर्षे त्याच वयाची राहतात, आणि मोनोरेल फसली तरी पुढच्या भागात घर जसेच्या तसे असते. आपल्या भागात फुई सासरी जाते, माय चिखलातूनच वावराकडे निघते. रस्ता झालेला नाही, आणि तो झालेला दाखवू नये.

भाषेविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण इथे आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात. अहिराणी बोलणारे पात्र मूर्ख आणि प्रमाण मराठी बोलणारे शहाणे, हा साचा इतका रुळला आहे की लिहिणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. विनोद पात्राने काय केले यावर असावा. 'आहे'ला 'शे' म्हटले, 'नाही'ला 'नही' म्हटले, एवढ्यावर कधीही असू नये. सिम्पसन्सनेही या बाबतीत ठेच खाल्ली आहे. तिच्यातला अपू हा भारतीय दुकानदार हँक अझारिया हे गोरे अमेरिकन अभिनेते वेगळ्या ढबीने बोलून सादर करीत. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू यांनी त्यावर माहितीपट केला, त्या आवाजाची नक्कल करून शाळेत चिडवली गेलेली मुले मोठी होऊन बोलू लागली, आणि २०२० मध्ये अझारिया यांनी ते पात्र सोडले. सातपुड्यातले भिल्ल किंवा पावरा पात्र आपल्या कथेत असेल तर त्याचा आवाज त्याच समाजातल्या माणसाकडून घ्यावा, आणि त्याला इतर पात्रांइतकेच शहाणपण व तितकाच वेडेपणा द्यावा. घरातही सगळ्यांची भाषा एकसारखी नसते. आबा ठेठ अहिराणीत बोलतील, ताई घरात अहिराणी आणि सभेत प्रमाण मराठी बोलेल, आणि विक्रेता सुरुवातीला शुद्ध बोलून, सभा तापल्यावर, मुद्दाम 'कसं काय शे भो' म्हणेल. त्या एका वाक्यातून त्याची लबाडी प्रेक्षकाला कळते.

पात्राचा ठरलेला उद्गार मात्र लिहून काढण्याचा अट्टहास करू नये. होमरचा प्रसिद्ध 'डोह!' संहितेत शब्द म्हणून लिहिलेला नसतो. तिथे केवळ वैतागाचा हुंकार असे लिहिलेले असते, आणि डॅन कॅस्टेलानेटा या अभिनेत्याने त्या जागी स्वतःचा आवाज शोधला. पुढे तो उद्गार २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात गेला. आपणही संहितेत 'माय वैतागते' एवढेच लिहावे आणि आवाज देणाऱ्या बाईला तिच्या घरात ती जे म्हणते ते म्हणू द्यावे. एकीचे 'वं माय!' लांब असते, दुसरीचे तुटक. तो फरक लेखणीने सापडत नाही.

संहिता झाल्यावर चित्राकडे धावू नये. आधी सर्वांनी बसून ती मोठ्याने वाचावी. मग आवाज ध्वनिमुद्रित करावा, आणि त्या आवाजावर चित्र काढावे. मोठ्या मालिकांतही हाच क्रम असतो. ध्वनिमुद्रण मे महिन्यात करायचे असेल तर पहाटे करावे, कारण दिवसा पंख्याशिवाय खोलीत बसवत नाही आणि पंख्याची घरघर आवाजातून पुन्हा काढता येत नाही. भिंतींवर दोन-तीन गोधड्या टांगल्या की खोलीचा घुमारा पुरेसा बसतो.

चित्रांचा हिशेब आधीच मांडावा. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी बावीस मिनिटांना १५,८४० चित्रे होतात, आणि हे तिघाचौघांच्या गटाचे काम नव्हे. सहा मिनिटांचा भाग करावा. त्यातही शरीर स्थिर ठेवून डोळे, भुवया आणि तोंड एवढेच हलवले तर काम निम्म्याहून कमी होते. वर सांगितलेली कथा सहा मिनिटांत बसते, मात्र पहिल्या दीड मिनिटाच्या आत सभा सुरू झालीच पाहिजे.

तोंडाच्या आकारांसाठी आपली वर्णमाला फार उपयोगी आहे. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांसाठी मिटलेले ओठ. आ साठी उघडा जबडा. इ आणि ए साठी पसरलेले ओठ. उ आणि ओ साठी गोल. व साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले. या पाच आकारांवर बहुतेक संवाद निघतात. मिटलेले ओठ मात्र कधीही चुकवू नयेत, कारण 'माय' म्हणताना तोंड उघडेच राहिले तर लहान मूलही ते ओळखते. अहिराणीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे 'ळ' चा पुष्कळदा 'य' होतो : केळी म्हणजे केयी, शाळा म्हणजे शाया. 'केळी' म्हणताना मध्ये जीभ वळते आणि जबडा किंचित खाली येतो; 'केयी' म्हणताना ओठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेलेच राहतात. लिहिणाऱ्याने संहितेत 'केळी' लिहिले, बोलणाऱ्या आबांनी 'केयी' म्हटले आणि चित्रकाराने कागद पाहून तोंड काढले, तर ते तोंड आबांचे राहत नाही. म्हणून चित्रकाराने कागदावरून नव्हे, ध्वनिमुद्रणावरून काम करावे, आणि ध्वनिमुद्रणानंतर संहितेतले शब्द बोलल्याप्रमाणे बदलून घ्यावेत.

भाग तयार झाला की तो इंटरनेटवर टाकण्याआधी एकदा ओट्यावर, भिंतीला पांढरी चादर लावून, शेजारच्या माणसांना दाखवावा. त्या वेळी लिहिणाऱ्याने पडद्याकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून बसावे आणि हातात घड्याळ ठेवावे. कुठे हसले, याची नोंद करण्याची गरज नाही. ते आपोआप लक्षात राहते. ज्या सेकंदाला कोणी म्हातारी शेजारणीकडे वळून 'काय म्हणना वं तो?' असे विचारते, तो सेकंद लिहून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पंखा बंद करून तेवढे वाक्य पुन्हा ध्वनिमुद्रित करावे.